टाचदुखी: आधी कुणाकडे जायचं? हाडांचे डॉक्टर, फिजिओ की इनसोलवाले?

आडवाट

आईचं वय ५४. उजवी टाच तीन महिन्यांपासून दुखते आहे. सकाळी पलंगावरून उतरली की पहिली आठ-दहा पावलं भिंतीला धरून टाकते, मग सुटतं, आणि संध्याकाळी पुन्हा सुरू होतं. मधुमेह नऊ वर्षांचा, मेटफॉर्मिन चालू, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.९. वजन ७१ किलो. घरात गुळगुळीत टाइल्स, दिवसभर अनवाणी, ओट्याशी रोज चारेक तास उभी.

एक्स-रे झाला, त्यात टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आता चार सल्ले समोर आहेत. टाचेत इंजेक्शन. फिजिओथेरपी. मशिनवर उभं करून पायाचा दाब मोजून बनवलेले इनसोल, जे चांगलेच महाग आहेत. आणि मावशीचा आग्रह, तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक घ्यायचा.

चारही एकदम करण्यात अर्थ नाही एवढं कळतं. पण क्रम कशावरून ठरवायचा? घरच्या घरी काही तपासून बघता येत असेल तर तेही सांगा, म्हणजे डॉक्टरांपुढे नीट माहिती ठेवता येईल.

पोटरी (फिजिओथेरपी)

वाढलेल्या हाडाचा विचार आधी बाजूला ठेवा. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तो काटा दिसतो, आणि टाच टेकवत नाही अशा कितीतरी जणांच्या एक्स-रेत दिसत नाही. दुखणं पूर्ण थांबल्यावरही हाड तसंच राहतं. त्यामुळे 'हाड वाढलंय' हे निदान धरून उपचार निवडले की वाट चुकते. नेमकं कुठे दुखतं आणि कधी दुखतं, यावरून कुणाकडे जायचं ते ठरतं.

आईंना खुर्चीत बसवा, उजवा पाय डाव्या मांडीवर आडवा घ्यायला सांगा. एका हाताने पायाची पाचही बोटं नडगीकडे ओढा. तळव्याच्या आतल्या बाजूला ताणलेली दोरी हाताला लागेल. ती तळव्याची पट्टी, प्लांटर फॅशिया. दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या दोरीवरून टाचेकडे सरकत जा. जिथे कमान संपते आणि टाचेचं हाड लागतं, तिथे आतल्या कडेला अंगठ्याने जोर देऊन दाबा. नेमकी तिथेच कळ आली आणि सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट असेल, तर बहुतेक दुखणं या पट्टीचं आहे. रात्रभर पाय सैल असतो, पट्टी आखडते, आणि सकाळी अख्खं वजन एकदम तिच्यावर येतं. म्हणून पहिली पावलं जड जातात.

तिथे कळ नसेल तर खालच्या गोष्टी बघा.

दोन्ही तळहातांमध्ये टाच धरून बाजूंनी दाबा, लिंबू पिळतो तशी. यात जोराची कळ आली तर टाचेच्या हाडाला बारीक चीर असू शकते. व्यायाम नको, मसाज नको, आधी हाडांचे डॉक्टर. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, हेही लक्षात असू द्या.

टाचेच्या बरोबर मधोमध, खडा टोचल्यासारखं दुखतं, टाइल्सवर जास्त आणि जाड मऊ चपलेत लगेच कमी, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असते. तिथे ताणाच्या व्यायामाने फारसा फरक पडत नाही; टाचेला सगळीकडून धरून ठेवणारा कप हवा.

आतल्या घोट्याच्या मागे बोटाने टिचकी मारल्यावर तळव्यात करंट गेल्यासारखं झालं, तर नस दबते आहे.

टाचेच्या मागे, बुटाची कड घासते तिथे दुखत असेल तर ते पोटरी टाचेला जोडणाऱ्या मोठ्या स्नायूबंधाचं दुखणं. त्याचे व्यायाम वेगळे आहेत. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडायचा व्यायाम तिथे दुखणं वाढवतो.

आणि दोन्ही टाचा दुखतात, वय चाळिशीच्या आतलं, सकाळी कंबर अर्धा तास तरी सुटत नाही, असं कुणाचं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे. हे तुमच्या आईंचं चित्र नाही, पण हा धागा वाचणाऱ्या एखाद्याचं असेल.

एवढं तपासून इथे लिहा, मग व्यायामाचं मोजमाप सांगतो.

साखर_आणि_पाऊल

वरचं सगळं बरोबर आहे, पण नऊ वर्षांचा मधुमेह आहे म्हटल्यावर त्याच्याही आधी एक पायरी येते: पायाला स्पर्श कळतो का, हे बघणं. कळत नसेल तर शेक, चिकटपट्टी, इनसोल, मसाज, सगळ्यांचे नियम बदलतात.

घरी दोन मिनिटांत होतं. आईंना आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. स्पर्श झाला की 'उजवा' किंवा 'डावा' एवढंच म्हणायचं. तुमच्या तर्जनीचं टोक पिसासारखं हलकं, एक ते दोन सेकंद, या क्रमाने लावा: उजव्या पायाचा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. सगळे स्पर्श बोटांच्या टोकाला. दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि एखादा कळला नाही तर तो पुन्हा करायचा नाही. इथेच लोक चुकतात. 'अगं, नीट लक्ष दे' म्हणत दुसऱ्यांदा जोराने लावतात आणि चाचणी वाया जाते. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर पायाची संरक्षक संवेदना कमी झाली आहे असं धरून चाला आणि दवाखान्यात १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तंतूने आणि कंपन कळतं का ते बघायच्या ट्यूनिंग फोर्कने पक्कं करून घ्या.

दुसरं, दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू ठेवून ऊब जोखा. एक पाऊल स्पष्ट गरम, सुजलेलं, लालसर, आणि त्या मानाने दुखणं कमी, असं असेल तर पायावर वजन देणं त्याच क्षणी बंद करायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. मधुमेहात पायाची हाडं आतून मोडायला लागतात, त्याची सुरुवात अशीच असते. ताप नसतो, सुरुवातीचा एक्स-रेही स्वच्छ असू शकतो, आणि 'मुरगळलं असेल' म्हणून मसाज होतो. शार्को पाऊल म्हणतात ते हेच. घरात इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही पावलांच्या त्याच जागी लावून बघा. २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक हा धोक्याचा.

तिसरं, चालताना ठरावीक अंतरावर पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, असं आहे का? पावलं गार असतात का? तसं असेल तर रक्तपुरवठा तपासायला हवा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ०.९ पेक्षा कमी आलं की रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत.

विटेचा शेक मात्र आजपासून बंद. ज्या पायाला स्पर्श नीट कळत नाही त्याला चटकाही कळत नाही. दुसऱ्या दिवशी फोड दिसतो तेव्हा कळतं. रुईचा चीक कातडीला जाळतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. मावशींना दुखवायचं नसेल तर डॉक्टरांनी मनाई केली आहे असं सांगा, आणि तसं सांगणारे डॉक्टर सगळीकडे भेटतील.

आडवाट

दोघांचेही आभार. सगळं आज सकाळी करून बघितलं.

तळव्याच्या दोरीवर टाचेपाशी दाबलं तर नेमकी कळ, उजवीकडेच. बाजूंनी पिळून काही नाही. घोट्यामागे टिचकी मारून काही नाही. पोटरीत गोळे येत नाहीत. दोन्ही पावलं सारखीच उबदार, सूज नाही.

स्पर्शाच्या चाचणीत मात्र दोन्ही करंगळ्या कळल्या नाहीत. सहापैकी दोन. मग खोदून विचारलं तेव्हा म्हणाली की वर्षभर रात्री दोन्ही तळवे जळजळतात, पायावर पांघरूण नको वाटतं. टाचदुखीचाच भाग समजून वेगळं बोलली नव्हती.

साखर_आणि_पाऊल

मग इथे दोन वेगळी दुखणी आहेत. उजव्या टाचेची सकाळची कळ ही पट्टीची. दोन्ही तळव्यांची रात्रीची जळजळ नसांची. टाचेचं इंजेक्शन जळजळ घालवणार नाही आणि नसांच्या गोळ्या पहिलं पाऊल सोपं करणार नाहीत. दोन्ही एकाच चिठ्ठीत आली की 'औषध लागू पडत नाही' असं वाटत राहतं. डॉक्टरांना सांगतानाही दोन तक्रारी म्हणूनच सांगा.

पहिली भेट तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांची, याच आठवड्यात. जवळ मधुमेही पावलाची वेगळी ओपीडी असेल तर थेट तिथे. परदेशात पोडियाट्रिस्ट, म्हणजे पावलांचे तज्ज्ञ, असा स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे तो क्वचित सापडतो, त्यामुळे हे काम मधुमेहाचे डॉक्टर, सर्जन आणि पावलांचे दवाखाने मिळून करतात. तिथे मोजे काढायला सांगून पाय हातात घेऊन बघितले, तंतू लावला, पावलाची आणि घोट्यामागची नाडी चाचपली, तर तपासणी झाली म्हणायची. नुसता साखरेचा रिपोर्ट बघून गोळी वाढवली तर पायांची तपासणी राहिलीच.

रक्ताच्या तपासण्यांत बी१२ आवर्जून मागा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ कमी होतं, शाकाहारी असाल तर आणखीच, आणि त्याची जळजळ हुबेहूब मधुमेहाच्या जळजळीसारखी असते. फरक एवढाच की बी१२ची कमतरता भरून काढता येते. सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि क्रिएटिनिन. क्रिएटिनिन अशासाठी की टाचेसाठी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या पुन्हा लिहून मिळतील, आणि मूत्रपिंडाचा आकडा न बघता त्या पुनःपुन्हा घेणं मधुमेहात महागात पडतं. वरून लावायचं जेल चालेल.

आणि रोज रात्री पाय बघायचे. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, तळवा; वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. कुरूप दिसलं तर औषधांच्या दुकानातली कॉर्न कॅप लावायची नाही, ब्लेडने कापायचं नाही. त्या कॅपमध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं, ते कुरपासोबत चांगली कातडीही खातं, आणि बधिर पायाला ते कळत नाही. भेगांना व्हॅसलीन किंवा युरियाचं मलम लावा, पण बोटांच्या बेचक्यात नाही. तिथे ओल राहून बुरशी होते.

पोटरी

पट्टीचं दुखणं नक्की दिसतंय, तर आता व्यायाम. नसांसाठी डॉक्टरांची भेट या आठवड्यात, आणि हे त्याच्या जोडीला सुरू करता येईल.

पहिला व्यायाम पलंगावरच, पाय जमिनीला लागायच्या आधी. मघासारखा पाय मांडीवर, बोटं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताने दोरी ताणली गेली की नाही ते चाचपायचं. दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा: उठताना, दुपारी पडून उठल्यावर, आणि बराच वेळ बसून उठायच्या आधी. नुसतं संध्याकाळी करून उपयोग कमी, कारण कळ पहिल्या पावलाची आहे आणि ताण त्याच्या आधी द्यायचा आहे.

दुसरा पोटरीचा. भिंतीला हात, उजवा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं सरळ पुढे. गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, तीन वेळा. मग त्याच स्थितीत गुडघा थोडा वाकवून ३० सेकंद, तीन वेळा. पोटरीत दोन स्नायू आहेत, वाकवल्याशिवाय खालच्याला ताण मिळत नाही. मागचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं की ताण पोटरीऐवजी कमानीवर जातो; ही चूक जवळजवळ सगळे करतात.

खरं काम तिसऱ्या व्यायामाचं, ताकदीचं. जिन्याच्या पायरीवर कठड्याला धरून उभं राहायचं. छोटा नॅपकिन घट्ट गुंडाळून तो फक्त पायाच्या बोटांखाली ठेवायचा, म्हणजे बोटं वर उचललेली राहतात आणि पट्टी आधीच ताणलेली असते. चवडा पायरीवर, टाच बाहेर. तीन सेकंदांत टाच वर, वर दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एका वेळी १२, असे तीन संच, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. एक दिवसाआड, रोज नाही. आईंनी पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर करावं, मग दुखऱ्या एका पायावर. एका पायावर १२ सहज झाले की पाठीवर सॅक घेऊन त्यात पुस्तकं भरा आणि १० चे चार संच; आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ चे पाच. नॅपकिन कमानीखाली सरकला की व्यायामाचा मुद्दाच जातो. आणि भराभर वर-खाली केलं तर फक्त पोटरी दमते.

आईंच्या बाबतीत दोन बदल. कठडा कायम दोन्ही हातांनी धरायचा, कारण बोटं बधिर असली की तोलही कच्चा असतो. आणि पायरीवर पातळ योगा मॅटचा तुकडा टाकायचा, व्यायामानंतर चवड्याची आणि बोटांखालची कातडी बघायची.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी चार-पाचपर्यंत व्यायाम करताना चालेल. निकष दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा. पहिलं पाऊल कालच्यापेक्षा वाईट असेल तर एक संच कमी करा. तसंच असेल किंवा बरं असेल तर पुढे जा. एका वहीत तारीख आणि पहिलं पाऊल दहापैकी किती दुखलं तो आकडा, एवढंच लिहा. सहा ते आठ आठवड्यांनी तो आकडा उतरायला लागतो. पूर्ण बरं व्हायला बरेच महिने, कधी वर्षही लागतं, पण बहुतेकांचं या साध्या उपायांनी बरं होतं. दोन आठवड्यांनी 'फरक नाही' म्हणून सोडतात, तिथेच घोळ होतो.

गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवायचा उपाय सगळे सांगतात. बधिर पायाला तो नको; बर्फानेही कातडी जळते. साध्या पाण्याची बाटली चालेल, पण दुखऱ्या बिंदूवर रगडायची नाही, कमानीवरूनच फिरवायची.

फिजिओ निवडताना एवढं बघा: बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालेले आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेले. पहिल्या भेटीत पाय हातात न घेता थेट मशिन लावून २० मिनिटं झोपवलं, आणि घरी करायला काही दिलं नाही, तर दुसरीकडे जा. टाचेला रोज मशिनची गरज नसते. चार-पाच भेटी आणि घरचा नेम पुरतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या फिजिओ विभागात हे कमी खर्चात होतं.

चामडं_आणि_रबर (ऑर्थोटिक्स)

इनसोलबद्दल. दाब मोजायचं मशिन उभं राहिल्यावर कुठे किती भार पडतो तेवढं दाखवतं. टाच का दुखते ते दाखवत नाही. पट्टीच्या दुखण्यात तयार मिळणारं चांगलं इनसोल आणि मापाचं महाग इनसोल यांच्या गुणात फारसा फरक पडत नाही, म्हणून नुसती टाचदुखी असती तर 'आधी तयार घ्या' एवढंच सांगितलं असतं. मापाचं इनसोल लागतं ते पाय बेढब असेल, तळव्याला जखम होऊन गेली असेल किंवा संवेदना खूप गेली असेल तेव्हा. ते बनवणारा प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स (कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं) शिकलेला आणि पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदलेला असावा. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत हा विभाग आहे.

तुमच्या आईंसाठी आधी घरातली चप्पल. टाइल्सवर अनवाणी चालणं आजपासून बंद. घरात वेगळी, धुता येईल अशी ठेवा. देवघरात घालायची नसेल तर तिथे जाड चटई टाका. उन्हाळ्यात दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा हे बधिर पायांच्या भाजण्याचं नेहमीचं कारण आहे. सकाळी लवकर जायचं, जाड सुती मोजे घालून.

चप्पल कशी निवडायची? मागे पट्टा हवाच. पट्टा नसला की चप्पल सुटू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि तळवा दिवसभर ताणात राहतो. अंगठ्याची चप्पल नको, बेचकीत घासून जखम होते. याच कारणाने कोल्हापुरीही सध्या बाजूला: तळ सपाट आणि कडक, मागे पट्टा नाही. हातात धरून वाकवून बघा. बोटांपाशी वाकली पाहिजे, मधोमध घडी पडली तर परत ठेवा. टाच दीड ते अडीच सेंटिमीटर उंच असली तर पट्टीवरचा ताण कमी होतो. पूर्ण सपाट चप्पल आणि उंच टाच, दोन्ही नकोत. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. खरेदी संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. कागदावर उभं राहून पाऊल रेखाटून न्या, आणि तो कागद चपलेच्या तळावर ठेवून बघा. कड बाहेर आली की नाही ते तिथेच दिसतं. बधिर पायाला 'घट्ट आहे का' विचारून उत्तर बरोबर येत नाही, म्हणून कागद.

वरचा थर एमसीआरचा मागा, मायक्रोसेल्युलर रबर, कडकपणा १५ शोअरच्या आसपास, जाडी साधारण १० मिलिमीटर. हे मुळात कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी वापरात आलं आणि नंतर मधुमेहासाठीही चालू लागलं. कुष्ठरोग कार्यक्रमात वाटतात त्या चपला याच. खाली मात्र तळ कडक पाहिजे, नाहीतर मऊ रबर दाबलं जाऊन काही आठवड्यांत पाय जमिनीला लागतो. अंगठ्याने दाबा: थोडं आत जाऊन परत वर आलं तर ठीक, थेट खालचा तळ बोटाला लागला तर ते रबर कामाचं नाही.

मेडिकलमध्ये मिळणारा सिलिकॉनचा टाचेचा कप इतरांना स्वस्तात चांगला उपाय आहे. दोन्ही पायांत घालायचा, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर धरते. पण तो अर्धाच असतो आणि पुढच्या कडेला पायरी तयार होते. संवेदना कमी असलेल्या पायाला ती कड घासते आणि कळत नाही. आईंना अख्ख्या पावलाचं इनसोल घ्या. कमानीला घोट्यापासून बोटांपर्यंत चिकटपट्टी बांधून आधाराने फरक पडतो का ते बघायची एक सोपी युक्ती आहे, तीही त्यांच्यासाठी नको. काढताना कातडी सोलते.

नवी चप्पल पहिल्या दिवशी एक तास. काढून पाय बघा. लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे दाब आहे. चप्पल बदला किंवा त्या जागी सैल करून घ्या. रोज एकेक तास वाढवा.

अस्थी

इंजेक्शनचा प्रश्न राहिला. स्टेरॉइडचं इंजेक्शन पट्टीच्या मुळाशी दिलं की चार-सहा आठवडे, कधी थोडं जास्त, छान आराम पडतो. पुढे बरेचदा दुखणं परत येतं. बदल्यात दोन धोके आहेत: टाचेखालची चरबीची गादी पातळ होणं आणि पट्टी तुटणं. पट्टी तुटली की कमान खाली बसते आणि पायाच्या बाहेरच्या बाजूला नवं दुखणं सुरू होतं. मधुमेहात आणखी एक, साखर काही दिवस वर जाते. म्हणून एचबीएवनसी ७.९ असताना आणि तीन महिन्यांच्या दुखण्यावर हे आत्ता नको. व्यायाम आणि चप्पल नेमाने करूनही चालणंच होत नसेल तर एकदा, तेही सोनोग्राफीखाली. सोनोग्राफीत पट्टीची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली की निदानही पक्कं होतं. एक्स-रेपेक्षा ही तपासणी जास्त सांगते. द्यायचं ठरलं तर आठवडाभर साखर रोज मोजा आणि दोन आठवडे जिन्याचा व्यायाम थांबवा. आराम पडला म्हणून लगेच धावपळ केली की पट्टी तुटते.

सहा महिने सगळं करून अडलंच तर शॉकवेव्ह, म्हणजे मशिनने टाचेवर दाबाच्या लहरी सोडायचा उपचार. आठवड्यातून एकदा, तीन ते पाच बैठका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. शस्त्रक्रियेपर्यंत फार थोडे जातात, आणि सहा ते बारा महिन्यांच्या आत तो विषय काढू नये. 'वाढलेलं हाड काढून टाकू' असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

चार पावलंही टाकता येत नाहीत, घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या उंचवट्यावर दाबून कळ, असं पडल्यानंतर किंवा मुरगळल्यानंतर झालं तर हाडवैद्याकडे नको, आधी एक्स-रे.

आडवाट

क्रम स्पष्ट झाला. मधुमेहाच्या डॉक्टरांची वेळ परवाची घेतली आहे, बी१२ आणि क्रिएटिनिन उद्या देतो. एकच राहिलं. आषाढी वारीची पालखी निघायला दोन महिने आहेत. आईला पालखीसोबत आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड असे दोन टप्पे चालायचे आहेत, दरवर्षी चालते. यंदा?

पोटरी

पुणे ते सासवड, म्हणजे दिवेघाटाचा टप्पा यंदा नको. चढावर टाच खाली जाते, पोटरी आणि पट्टी दोन्ही पूर्ण ताणात असतात, आणि एका दिवसाचं अंतर मोठं आहे.

आळंदी ते पुणे अख्खंही धरू नका, काही भाग धरा. तयारी अशी: सध्या सपाटीवर किती चालून दुसऱ्या सकाळी आकडा वाढत नाही ते शोधा, समजा दीड किलोमीटर. एक दिवसाआड तेवढंच, आणि दर आठवड्याला पाव किलोमीटर वाढवा. आठ आठवड्यांत तीन-साडेतीन होईल, तेवढंच वारीत चालायचं, बाकी गाडीने. सराव त्याच चपलेत करायचा; वारीसाठी नवी चप्पल घालून निघायचं नाही.

साखर_आणि_पाऊल

परवाच्या भेटीत हेही विचारा. तंतूच्या चाचणीत आणखी जागा बधिर निघाल्या तर डॉक्टर चालण्यालाच नाही म्हणतील, आणि ते ऐका. परवानगी मिळाली तर मोज्यांचे तीन जोड न्या, भिजले की बदला. दर तासाला बसून दोन्ही तळवे तुम्ही स्वतः बघा, आईंना विचारून भागणार नाही. फोड आला तर चालणं तिथेच थांबवायचं. वाटेत कुणीतरी फोडात सुई-दोरा ओवून पाणी काढायला सांगेलच, ते करू देऊ नका. फोड तसाच ठेवून वर कोरडं निर्जंतुक गॉज बांधा आणि दिंडीसोबतच्या वैद्यकीय पथकाला दाखवा.